मासळीबाजार आणि वर्ग

मधली सुट्टी संपल्याची घंटा झालेली असते. डब्यांची झाकणं अजून वाजत असतात, मागच्या बाकावर पाण्याच्या बाटलीवरून ओढाताण चाललेली असते. बाई टेबलावर डस्टर आपटतात, खडूची धूळ उडते आणि पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं वाक्य येतं: ‘हा वर्ग आहे की मासळीबाजार?’

वर्ग गप्प होतो. फार तर पाच मिनिटं.

इथवर ठीक आहे. ‘बोलणं बंद, वह्या उघडा’ असं खडसावण्यात गैर काही नाही. मुलांना स्पष्ट सूचना हवीच असते. पण ‘मठ्ठ’, ‘बिनडोक’ सुरू झालं की शब्द गोंगाटावर पडत नाही, एका मुलाच्या जिव्हारी लागतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

शिक्षकांची बाजूही खरी आहे. हाच कायदा सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक सांगतो. जिथे साठ मुलं दाटीवाटीनं बसतात, तिथे दुपारपर्यंत घसा बसतो आणि धीरही सुटतो.

तरी दुसरी वाट होती आणि आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. सांगायचं ते त्यात लिहीत.

रोज दैनिक काढणं कुणाला जमणार नाही. पण बाई, सर, आवाज चढवावा लागला तर जरूर चढवा. फक्त कुठल्याही मुलाला नावं ठेवू नका.