वजन परत आल्यावर

भाऊबीज उलटली की घराघरांतले वजनकाटे पलंगाखालून बाहेर निघतात. श्रावणापासून नेटाने चालणाऱ्या, भात मोजून घेणाऱ्या, ऑफिसातल्या वाढदिवसाच्या केकला हसून नको म्हणणाऱ्या माणसाला काटा दोन किलो जास्त दाखवतो. तीन महिन्यांत पाच किलो उतरले होते, त्यातले दोन आठवडाभरात परत. अशा वेळी मनात पहिलं वाक्य येतं ते चकली-चिवड्याबद्दल नसतं, स्वतःबद्दल असतं : ‘आपल्याच्याने हे व्हायचं नाही.’ दुसरं त्याच्या पाठोपाठ येतं : ‘आता फराळाचे डबे संपू देत, नव्या वर्षापासून बघू.’ वजन कमी करण्याचे कितीतरी प्रामाणिक प्रयत्न या दोन वाक्यांपाशी संपतात.

त्या दोन किलोंचा हिशेब आधी नीट मांडायला हवा. पोळी, भात, लाडू यांतून मिळालेल्या साखरेचा काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवतं, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. फराळातलं मीठही पाणी राखतं. उलट, एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा जवळपास साडेसात हजार कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. दोन किलोंना पंधरा हजार. पाच दिवसांच्या दिवाळीत, रोजचं जेवण सोडून, दिवसाला आणखी तीन हजार कॅलरी सहसा कुणी खात नाही. म्हणजे वाढलेल्या आकड्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, आणि रोजची पोळी-भाजी सुरू झाली की थोड्या दिवसांत तो आपसूक उतरतो. खरं नुकसान पुढच्या काही आठवड्यांत होतं, जेव्हा माणूस नव्या वर्षाची वाट पाहत असतो.

हे असं का होतं, ते दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना मिल्कशेक प्यायला दिलं आणि नंतर चव सांगण्याच्या निमित्ताने त्यांच्यापुढे आइस्क्रीम ठेवलं. खाण्यावर फारसं बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं. एरवी मोजूनमापून खाणाऱ्या मुलींचं उलटं झालं. मिल्कशेक न प्यायलेल्या, त्यांच्याचसारख्या मुलींपेक्षा त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. आजचा नियम मोडलाच आहे, मग आता थांबून काय उपयोग, हा विचार भुकेपेक्षा बलवान ठरला.

२००७ साली क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी याच गाठीला हात घातला. त्यांनी तरुणींना आधी डोनट खायला दिलं. त्यांतल्या काहींना एवढंच सांगितलं, की असं कधीतरी सगळेच खातात, त्यावरून स्वतःला फार बोल लावू नका. पुढे गोळ्या-चॉकलेटं समोर आली तेव्हा, एरवी खाण्यावर कडक बंधन घालणाऱ्यांपैकी ज्यांनी हे शब्द ऐकले होते, त्यांनी ती कमी खाल्ली.

आपल्याकडे या निष्कर्षावर विश्वास बसणं अवघड आहे. स्वतःला धारेवर धरणं हे इथे गांभीर्याचं लक्षण मानतात; सूट दिली तर माणूस सैल सुटेल अशी भीती असते. त्यात लग्नाच्या मांडवात भेटणारी मावशी ‘अगं, मध्ये छान बारीक झाली होतीस की’ असं प्रेमानेच म्हणते, आणि ते वाक्य घरापर्यंत सोबत येतं. टोचून बोलल्याने जिद्द वाढते हा समज इतक्या घरांत आहे, आणि त्याने इतक्या जणींचं चालणं बंद पडलेलं आहे, की तो आता सोडून द्यायला हवा.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नव्या सवयी लावून घेणाऱ्या ९६ जणांचा अभ्यास केला. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यातून निघालं, पण माणसामाणसात फरक प्रचंड होता : कुणाला १८ दिवस, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांवर गेला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. मधला एखादा दिवस चुकला, तरी सवय घडण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही.

एक दिवस, एक सण इथवर ठीक. पण ज्यांचं सगळंच वजन परत येतं, त्यांचं काय?

अमेरिकेत ओप्रा विन्फ्रे यांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये स्वतःच्या टीव्ही कार्यक्रमात एक लाल गाडा ओढत आणला होता. त्यात ६७ पौंड, म्हणजे सुमारे ३० किलो प्राण्याची चरबी होती. तेवढंच वजन त्यांनी चार महिने निव्वळ पातळ आहारावर राहून उतरवलं होतं. ते टिकलं नाही. १९९४ साली त्या मॅरेथॉन पूर्ण धावल्या, आणि २००९ च्या जानेवारीत आपल्याच मासिकात त्यांना लिहावं लागलं, की वजन पुन्हा २०० पौंडांवर गेलं आहे. पैसा, स्वयंपाकी, प्रशिक्षक, डॉक्टर, सगळं हाताशी असलेल्या बाईची ही कथा. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी वजनाचं औषध घेत असल्याचं उघड सांगितलं, आणि आपण मनातली लाज सोडून दिल्याचंही.

ही लाज किती अनाठायी असते ते संशोधक केव्हिन हॉल यांच्या अभ्यासातून दिसतं. ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना त्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे त्यांच्याच वजनाच्या, त्यांच्याच वयाच्या माणसाला जे जेवण पुरेसं होतं, ते यांना जास्त होत होतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की वजन उतरवल्यावर वर्षभरानेही भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं मूळपदावर आलेली नसतात. दुसऱ्या वर्षी लागणारी भूक खरी असते, आणि तिला हावरटपणा म्हणणं अन्यायाचं आहे. वजन उतरवणाऱ्या नव्या औषधांचीही गत वेगळी नाही. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळलं. म्हणूनच वारंवार परतणाऱ्या वजनासाठी डॉक्टरकडे जाणं, थायरॉइड तपासून घेणं, चालू औषधांपैकी एखाद्याने वजन वाढतंय का हे विचारणं, हे रक्तदाबासाठी जाण्याइतकंच साधं वाटायला हवं. ‘बिगेस्ट लूझर’मधल्या ज्यांचं वजन त्यातल्या त्यात टिकलं, त्यांची शारीरिक हालचाल इतरांपेक्षा बरीच जास्त होती, हेही नंतरच्या अभ्यासात दिसलं.

शिवाय काट्यावरचा आकडा भारतीय शरीराबद्दल अर्धंच सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून इथे कंबरेचा घेरही मोजायला सांगतात : पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८० ही मर्यादा. रोजच्या चालण्याने वजन तेवढंच राहून पँट सैल झाली, तर ती सैल पँट खरी मानावी.

वजन परत आलं की आधीचे कष्ट पाण्यात गेले, ही भावना सर्वांत जास्त खच्ची करते. तिला उत्तर देणारा मोठा पुरावा मधुमेहाच्या अभ्यासांतून आलेला आहे. अमेरिकेतल्या ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि सात टक्के वजन कमी करण्याचं ध्येय दिलं होतं. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. पुढे उतरलेलं बरंचसं वजन हळूहळू परत आलं. तरीही दहा वर्षांच्या हिशेबात त्यांच्यात मधुमेह ३४ टक्क्यांनी कमीच होता.

चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने असाच अभ्यास ५३१ भारतीयांवर केला. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त नियमित चालायला आणि साखर, तेल, भात आवरायला सांगितलं होतं, त्यांचं वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं. काट्याकडे पाहिलं असतं तर त्यांनी पहिल्याच वर्षी नाद सोडला असता. तीन वर्षांनंतर, असा खास सल्ला न दिलेल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला होता, आणि या चालणाऱ्यांमध्ये ३९ जणांना.