रुमालाखालचे केस

टायफॉइडनंतर केस गळू लागले, तसा डोक्याला रुमाल आला. त्याच दिवसांत भाचीनं उशाशी शॅनन हेल यांची 'द गूज गर्ल' ठेवली. २००३ ची कादंबरी, मूळ ग्रिम बंधूंची परीकथा. शीर्षकातलं 'गूज' मी आधी मराठीच वाचलं; तेही फारसं चूक नव्हतं म्हणा.

सखी-दासी राजकन्येची जागा बळकावते आणि खरी राजकन्या, अ‍ॅनी, परक्या राज्यात हंस राखते. पिवळे केस ओळख देतील म्हणून झाकून ठेवते. पुढची लढाई मी भराभर उलटली. मन त्या झाकलेल्या केसांपाशीच घुटमळत राहिलं.

काल दूधवाल्यानं मलाच विचारलं, "ताई बऱ्या आहेत का आता?"

"आहेत," म्हणाले. का, कोण जाणे.