काखेतला कळसा

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण मी वर्गात किती वेळा समजावून सांगितली असेल याची गणती नाही. तिच्यामागोमाग ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ हीही येत असे. पहिलीचा अर्थ मला ठाऊक होता. दुसरीचा मात्र निवृत्त झाल्यावर, बोरिवलीच्या डोंगरावर, विशीतल्या एका मुलीकडून शिकावा लागला. ती हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

निमित्त असे घडले. माझा पुतण्या सहकुटुंब इटलीचा प्रवास करून आला आणि एका रविवारी आमच्या चारकोपच्या घरी सर्व मंडळी जमली असता त्याच्या प्रवासवर्णनास रंग चढला. आठ-दहा प्रवाशांची लहानशी टोळी, बरोबर एक माहीतगार माणूस, आणि एका दिवसात डोंगरमाथ्यावरची मध्ययुगीन गावे पाहावयाची, असा तेथील प्रघात आहे म्हणे. सान जिमिन्यानोचे चौदा उंच मनोरे अद्याप उभे आहेत, हे त्याने सांगितले. परंतु माझे लक्ष वेधले ते ओर्विएतोच्या विहिरीने. सन १५२७ मध्ये रोम लुटले गेले तेव्हा सातव्या क्लेमेंट पोपने या कड्यावरच्या नगरात आश्रय घेतला आणि वेढा पडल्यास पाण्याचे हाल होऊ नयेत म्हणून विहीर खोदविली. ती १५३७ मध्ये पुरी झाली. खोली सुमारे ५३ मीटर. आत एकमेकांस कोठेही न मिळणारे दोन गोल जिने, प्रत्येकास २४८ पायऱ्या. पाणी आणावयास उतरणारी खेचरे एका जिन्याने जात आणि दुसऱ्याने वर येत.

“केवढी ही दूरदृष्टी! आपल्या लोकांना पाण्याचा असा विचार कधी सुचला नाही,” असे मी म्हणून गेलो. त्यावर सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बाबा, अशीच सहल आपल्याकडेही निघते. एकसर, मंडपेश्वर आणि कान्हेरी. नऊ-दहा माणसं असतात, सगळं समजावून सांगतात. तुमचं नाव घालू का?” सर्वांसमक्ष नाही म्हणवेना.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी डहाणूकरवाडीहून आम्ही नऊ जण उंचावरून धावणाऱ्या नव्या आगगाडीत बसलो. ही गाडी सन २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या मार्गावर ‘एकसर’ आणि ‘मंडपेश्वर’ अशी स्थानके आहेत. ती नावे रोज ऐकणाऱ्या हजारो माणसांपैकी कितीजण खाली उतरून ती स्थळे पाहतात, देव जाणे. मीही पाहिली नव्हती. आमची मार्गदर्शिका पुरातत्त्वाची विद्यार्थिनी होती. माझा व्यवसाय कळताच ती मला ‘सर’ म्हणू लागली, आणि मीही मनात जरा फुगलो, हे कबूल केले पाहिजे.

एकसरला दाट वस्तीत पुरुषभर उंचीचे वीरगळ उभे आहेत. खालच्या पट्टीत वल्ही मारणाऱ्या नौका, त्यावर चाललेली झुंज, मध्ये पडलेले वीर, आणि सर्वांत वर त्यांचे स्वर्गारोहण. काही विद्वान यांचा संबंध सुमारे १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने शिलाहार सोमेश्वराचा जो पाडाव केला त्याच्याशी जोडतात. काही हे वीरगळ त्याहून जुने मानतात. कोणत्याही मताने पाहिले तरी आमच्या उपनगराच्या आरमारी युद्धाचे हे चित्र शेकडो वर्षे उभे आहे, आणि मी हयातभर चार स्थानके पलीकडे बसून मुलांस यादवांच्या वंशावळी पाठ करावयास लावीत होतो!

मंडपेश्वराचे लेणे शैव आहे. सहाव्या शतकाच्या आसपासचे. आत नृत्यमग्न शिव आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेथे आपले प्रार्थनामंदिर केले. दगडावर कोरलेला क्रूस अजून दिसतो, आणि वर त्यांच्या इमारतीच्या भग्न भिंती उभ्या आहेत. सन १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली. आज शिवलिंगावर बेलाचे पान होते आणि बाहेर मुले क्रिकेट खेळत होती.

उन्हे चढण्यापूर्वी आम्ही राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीस पोहोचलो. येथे एका काळ्या पाषाणाच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात चौतीस खांब आहेत, ओसरीत सुमारे सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती आहेत. हे सर्व मला पुस्तकावरून ठाऊक होते, आणि ते ठाऊक आहे हे मी सहप्रवाशांस कळूही दिले. ती मुलगी शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, “सर, मूर्ती सगळेच बघतात. आपण आता पायाखाली बघू या.”

पायाखाली पाहिले. खडकात बोटभर, हातभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या होत्या. डोंगराच्या उतारावरून त्या वाकतवळत येत, एकमेकींस मिळत आणि लेण्यांच्या दारातील टाक्यांत रिकाम्या होत. बहुतेक प्रत्येक लेण्यास आपले टाके, टाक्यास आपला कोनाडा. लेण्यालेण्यांना जोडणाऱ्या पायऱ्या म्हणजे या नगराचे रस्ते. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरविण्याची ही योजना, ओर्विएतोच्या विहिरीहून हजार वर्षांहून अधिक जुनी. एका टाक्याजवळच्या ब्राह्मी लेखावर तिने बोट ठेवले आणि वाचले, “पोढी.” मी संस्कृत धातू शोधू लागलो. ती हसली नाही, म्हणाली, “प्राकृत आहे, सर. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. दान दिलेलं.” कल्याण, सोपारा येथील व्यापारी, कारागीर, भिक्षुणी, यांनी ही दाने दिली होती. कित्येकांनी ‘अक्षयनीवी’ ठेविली होती, म्हणजे मुद्दल कायम राखून व्याजातून भिक्षूंस वस्त्रे मिळावीत अशी ठेव. पुढे अमोघवर्ष राष्ट्रकूटाच्या काळी, शके ७७५ च्या लेखात, गौड देशाहून आलेला अविघ्नाकर शंभर द्रम्म ठेवताना दिसतो. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींची नावेही पहलवी लिपीत कोरलेली आहेत. आणि याच डोंगररांगेत इंग्रजांनी १८६० मध्ये विहार व १८७९ मध्ये तुळशी ही तळी बांधून मुंबईस नळाचे पाणी दिले. पाणी कोठे थांबते, हे त्या डोंगराने दोनदा सांगितले.

त्या टाक्याच्या काठी बसलो असता मला एकाएकी एक वही आठवली.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गास मी ‘मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ’ हा निबंध घातला होता. जंगलातल्या एका वारली पाड्यावरून चालत येणाऱ्या मुलाने कान्हेरीवर लिहिले. कोणत्या टाक्यातले पाणी होळीला आटते, कोणते वैशाखापर्यंत टिकते, पन्हळीत पाने अडकली म्हणजे पाणी कसे वाट सोडते, काकड्या विकणारी त्याची आई उन्हाळ्यात कोठे घोटभर पाणी पिते, असे चार पानभर होते. राजांची नावे नव्हती, शके नव्हते, शिल्पाचे वर्णन नव्हते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मात्र पुष्कळ होत्या. मी तांबड्या शाईने ‘विषयांतर’ असा शेरा दिला आणि दहापैकी तीन गुण. वर्गात ती वही वाचून दाखविली, आणि मुले हसली तेव्हा मी त्यांस थांबविले नाही. तो मुलगा खाली पाहत उभा राहिला. पुढील वर्षी त्याचे नाव पटावर नव्हते. त्याला कारण माझा शेरा झाला, असे म्हणण्यास मजजवळ पुरावा नाही. झाला नाही, असेही छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

संपूर्ण वर्गात कान्हेरी खरोखर पाहिलेला तो एकटाच होता. परीक्षकाने ती पाहिलेली नव्हती!

उतरताना पायऱ्यांच्या बाजूस एक वृद्ध बाई काकड्या घेऊन बसली होती. मी काकडी घेतली आणि विचारले, “बाई, वरचं पाणी कुठवर टिकतं?” तिने हाताने डोंगराची एक बाजू दाखवीत सांगितले, “त्या अंगाचं शेवटास आटतंय, गुरुजी.” मी गुरुजी आहे हे तिने कशावरून ओळखले, कोण जाणे, कदाचित प्रश्न विचारण्याच्या सुरावरून. अधिक काही विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. ती त्याची आई असण्याचे काही कारण नाही, आणि असती तरी मी काय बोलणार होतो?

घरी आल्यावर सर्वांनी सहल कशी झाली ते विचारले. लेण्यांचे वर्णन केले. वहीची गोष्ट रात्री केवळ घरच्या मंडळीस सांगितली. पुढच्या रविवारी नातवास घेऊन पुन्हा गेलो. त्यास शाळेत त्याच विषयावर निबंध होता. “आजोबा, काय काय लिहू?” असे त्याने विचारले. माझ्या तोंडाशी शके आणि राजे येऊन राहिले होते, पण मी म्हणालो, “तुला जे दिसेल ते लिही, बाळ. आधी पायाखाली बघ.”

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी मुलांच्या वह्या तपासल्या जातात. त्यांनी या म्हाताऱ्या मास्तरचे एवढेच ऐकावे, की तांबडी शाई उचलण्यापूर्वी त्या मुलाने जे पाहिले आहे ते आपण पाहिले आहे काय, हे स्वतःस एकदा विचारावे. मी तीस वर्षे उशिरा विचारले. त्या निबंधास आज मी किती गुण दिले असते ते मला ठाऊक आहे. ते ज्याला सांगावयाचे तो मात्र कोठे आहे, ते ठाऊक नाही.