अपेक्षा

नया नगरात राहायला आलो तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षांत कथासंग्रह निघेल, मग नोकरी सोडू. वीस वर्षं झाली. मीरा रोड-चर्चगेट लोकल सुटली नाही. कथा ‘साभार परत’ येत राहिल्या. अम्मी विचारायची, “बेटा, या लिहिण्याचे किती मिळतात?” मी गप्प.

हमीद दलवाईंचा ‘लाट’ १९६१ला आला, ‘इंधन’ १९६५ला. पुस्तकं मोजकीच; पण कोकणातला आपला मोहल्ला मराठी कादंबरीत आला.

गेल्या साली माझी एक कथा छापून आली. मानधन दोनशे रुपये. उर्दू शिकलेल्या अम्मीनं ती माझ्याकडून वाचून घेतली. म्हणाली, “ही तर आपल्या गावची बात!”

नोकरी सोडायचं मनातून काढलंय. लिहिणं नाही.