ताळा पाहण्याचा हक्क

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आम्ही संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतो आणि त्यात सध्या सगळा भर वजाबाकीच्या शाब्दिक उदाहरणांवर आहे, असे सांगितले की चळवळीतले काही मित्र नाराज होतात. मुलांना बाबासाहेब सांगा, संविधान सांगा, जोतीराव-सावित्री सांगा. हातच्याची वजाबाकी शाळेतले गुरुजी शिकवतील, असे त्यांचे म्हणणे. समाजशास्त्रात एम.ए. करून शेवटी बेरीज-वजाबाकीच घेत बसणार का, असा टोमणाही आम्ही ऐकला आहे. या मित्रांना उत्तर देणे आम्हाला गरजेचे वाटते. शोषण भाषणातून समजते हे खरे, पण ते रोज चालते हिशोबाच्या वहीत.

थोडा इतिहास पाहू. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धत मोडायचे ठरवले. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेऊन त्या बदल्यात बायकोसह त्याच्याकडे राबणारा माणूस. वर्षे सरत, पण कर्ज सरत नसे. कारण उघड आहे. किती घेतले, किती फिटले आणि किती उरले हे तिन्ही आकडे सावकाराच्याच हातात होते. वारल्याच्या अंगात कष्टाची ताकद होती, वजाबाकी मात्र दुसऱ्याच्या ताब्यात होती.

आपल्या महापुरुषांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणात काय असावे ते सांगितले. त्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन होते आणि हिशोबही होता. मोडी कशासाठी? कारण दस्तऐवज मोडीत लिहिले जात. कुणबी-माळ्याच्या मुलाला स्वतःच्या घरावर चढवलेले कर्ज स्वतः वाचता आले पाहिजे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताची वही आणि कुळाची उपासमार यांचा संबंध त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता आजचे बघा. दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. जाण्याआधी बयाणा घेतलेला असतो. भट्टीवर दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो. तो हिशोब म्हणजे अनेक पायऱ्यांची वजाबाकी, दुसरे काही नाही. आकडे सोयीचे धरून पाहू. एका कुटुंबाने ६० हजार विटा पाडल्या. हजारी ७०० रुपये. मजुरी झाली ४२,०००. त्यातून बयाणा २०,००० गेला, उरले २२,०००. आठवड्याला ८०० प्रमाणे २४ आठवड्यांची खर्ची १९,२०० गेली, उरले २,८००. दवाखान्याचे १,५०० गेले, उरले १,३००. हे १,३०० रुपये घेऊन कुटुंबाने घरी यायचे.

आता शेठच्या वहीत दोन आठवड्यांची खर्ची दोनदा लिहिली गेली असे समजा. म्हणजे १,६०० रुपये जास्त वजा झाले. कुटुंबाचे १,३०० येणे होते, ते ३०० देणे झाले. हे ३०० रुपये पुढच्या हंगामाच्या बयाण्यात चढतात आणि माणूस पुन्हा बांधला जातो. मित्रांनो, गुलामीला साखळदंड लागत नाही. दोन ओळी जास्त लिहिल्या तरी भागते.

म्हणून आम्ही वर्गात काय करतो ते सविस्तर सांगतो. उदाहरण मुलांच्या ओळखीचे घेतो. डहाणू-घोलवडचा चिकू सगळ्यांच्या परिचयाचा. वाडीत १,२५० चिकू तोडले, ३८५ नासके निघाले, ६४० पेट्यांत भरले, तर किती राहिले? पाचवीतली बरीच मुले आकडे एकाखाली एक मांडतात आणि प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढून मोकळी होतात. ० मधून ५ जात नाही, म्हणून ५ मधून ० काढतात. अशाने १,२५० वजा ३८५ चे उत्तर १,१३५ येते आणि पुढे ६४० वजा केल्यावर १,५१५. तोडले साडेबाराशे, आणि नासके व भरलेले काढून उरले पंधराशे पंधरा! मुलाच्या चेहऱ्यावर शंकाही उमटत नाही. ते मूल मठ्ठ आहे म्हणून असे होते का? नाही. वहीतल्या आकड्यांचा खऱ्या चिकूंशी काही संबंध असतो, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. उत्तर बरोबर की चूक हे गुरुजींच्या लाल पेनने ठरते, एवढेच त्याला माहीत.

यावर आमचा क्रम साधा आहे. आधी आकडे झाकून गोष्ट सांगायची. मुलांनी ती घरच्या वारलीत सांगितली तरी उत्तम. पाठ्यपुस्तकातले ‘शिल्लक’, ‘उर्वरित’ हे शब्द त्यांच्या घरात कोणी बोलत नाही, तेव्हा अडचण अनेकदा गणिताची नसते, भाषेची असते. मग अंदाज: साडेबाराशेतून सुमारे चारशे आणि सुमारे साडेसहाशे गेले, म्हणजे दोनशेच्या आसपास राहायला हवेत. मग काड्यांचे गठ्ठे. सुट्या काड्या कमी पडल्या की दहाचा गठ्ठा सोडायचा, म्हणजे हातचा हाताला लागतो. मग एकेक पायरी, आणि प्रत्येक उत्तरापुढे ते कशाचे उत्तर आहे ते शब्दांत लिहायचे: नासके काढून राहिले ८६५; पेट्या भरून राहिले २२५.

‘उरले’ दिसले की वजाबाकी आणि ‘एकूण’ दिसले की बेरीज, असली युक्ती आम्ही शिकवत नाही. आईने ८५ रुपये खर्च केले, ११५ उरले, तर आधी किती होते? इथे ‘खर्च’ही आहे आणि ‘उरले’ही आहे, पण करायची आहे बेरीज. शब्द बघून हुकूम पाळणारे मूल इथे हमखास फसते. गोष्ट समजून घेणारे मूल फसत नाही.

आणि शेवटी ताळा. २२५ मध्ये ६४० मिळवा, ८६५ झाले. त्यात ३८५ मिळवा, १,२५० झाले. जिथून निघालो तिथे परत आलो. दुसऱ्या वाटेनेही बघता येते: गेलेले सगळे आधी एकत्र करा, ३८५ आणि ६४० मिळून १,०२५; ते १,२५० मधून काढा, पुन्हा २२५. दोन वाटा एकाच ठिकाणी पोचल्या की मूल स्वतःच्या तोंडाने म्हणते, बरोबर आहे. त्या क्षणी त्याला कोणाच्याही लाल पेनची गरज उरत नाही. तथागतांनी कालामांना सांगितले तेही याहून निराळे नाही. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका; स्वतः पडताळून पाहा. आम्ही बौद्ध माणसे हे सुत्त वंदनेनंतर ऐकतो. पाड्यावरच्या पोरांना ते वजाबाकीतून शिकता येते.

याचा परिणाम आम्ही पाहिला आहे. आमच्या वर्गातली सहावीतली एक मुलगी आईबापांबरोबर भट्टीवर गेली आणि तिथे दर आठवड्याची खर्ची तारीख घालून वहीत लिहीत राहिली. शेवटच्या हिशोबात शेठची बेरीज तिच्या बेरजेशी जुळेना. तिने वही पुढे केली. आधी हसणे झाले, मग “पोरीला काय कळतंय” झाले, मग मुकादमाने वह्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावली. दोनदा लिहिलेली खर्ची कमी करावी लागली. कुटुंब पैसे घेऊन घरी आले. पण पुढच्या हंगामात त्यांना त्या भट्टीवरून बोलावणे आले नाही. हिशोब विचारणारे कुटुंब नको, असा निरोप दुसऱ्यांकडून कळला.

ही दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. एकट्याने ताळा पाहिला तर काम जाते. भट्टीवरच्या सगळ्या घरांनी पाहिला तर शेठ सगळ्यांना कसा हाकलणार? विटा कोण पाडणार? म्हणून ‘शिका’ला ‘संघटित व्हा’ची जोड लागते. वर्गातली मुले आता आपापल्या घरची वही ठेवायला शिकत आहेत आणि जाण्याआधी पाड्यातली घरे एकत्र बसून हजारी, खर्ची आणि बयाणा तिघांदेखत लिहून घेतात.

कायदाही हेच सांगतो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे बांधून ठेवणारे कर्ज रद्द ठरवले आहे, आणि मजुराने ते वेठीचे कर्ज आहे असे म्हटल्यास ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर टाकली आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी आहे, आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हेही वेठच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले. पण हे हत्यार उचलायला तोंडाशी आकडा लागतो. “आम्हाला लुटले” एवढे म्हणून कचेरीत भागत नाही. किती, कधी आणि कोणत्या ओळीत, ते दाखवावे लागते.

हे काम अशक्य नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच्या भोंग्यांत, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांत, शाळा भरवल्या. मग आपल्या शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी जवळच्या वस्तीवर, पाड्यावर काड्यांचे गठ्ठे घेऊन बसायला काय हरकत आहे? जयंतीची वर्गणी गोळा करताना आपण पै न् पैचा हिशोब मांडतोच की. तेवढाच काटेकोरपणा एका मुलाच्या वहीत उतरवायचा आहे.

बाबासाहेबांचा फोटो वर्गात जरूर लावा. पण त्याखाली बसलेल्या मुलाला आपल्या बापाच्या मजुरीचा ताळा स्वतः पाहता आला पाहिजे.

जयभीम! जोहार!