ते एक वाक्य मागे घेताना

आमच्या गिरगावातल्या वाडीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका निघणार होती. मी शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणून परिसरातल्या संस्थांवरचा लेख माझ्याकडे आला. मी तो मन लावून लिहिला. डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी 1867 साली सुरू केलेला प्रार्थना समाज, केशवजी नाईक चाळीतला 1893 चा गणेशोत्सव, 1935 सालचा मुंबई मराठी साहित्य संघ, सगळं त्यात आलं. पलीकडच्या धोबीतलावातल्या गोवेकरांच्या कुडींसाठी मात्र मी एकच वाक्य खर्च केलं. गावाच्या आणि जातीच्या भिंती जशाच्या तशा मुंबईत आणून उभ्या करणारे हे क्लब, त्यांनी सार्वजनिक जीवनात काही भर घातली नाही, अशा अर्थाचं.

तोवर मी एकाही कुडीत पाऊल टाकलेलं नव्हतं.

शाळेतले माझे एक सहकारी गोव्यातल्या बार्देशचे. त्यांनी लेख वाचला होता, पण कित्येक वर्षं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी म्हणाले, "सर, चला, माझ्या पप्पांची कूड दाखवतो." धोबीतलावच्या कयानी या इराणी हॉटेलात चहा घेतला आणि आम्ही जेर महाल इमारतीचा जुना लाकडी जिना चढलो.

कोंकणीत कूड म्हणजे खोली. लांबट दालन, भिंतीला लागून पत्र्याच्या आणि लाकडी पेट्यांची रांग, समोर गावच्या संताची मूर्ती असलेली वेदी, तिच्यापुढे तेवणारा दिवा. एकेका पेटीवर एकेका माणसाचा हक्क. सहकाऱ्यांचे वडील तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून एकोणिसाव्या शतकापासून माणसं पोटासाठी मुंबईला येत राहिली: आचारी, शिंपी, वाजंत्री आणि खलाशी. एकट्याला शहरात भाड्याची खोली परवडत नसे. मग एकेका गावानं मिळून जागा घेतली, महिन्याची वर्गणी ठरवली, नियम घातले. बोट मिळेपर्यंत माणूस इथे राहायचा, मिळाली की पेटी तिथेच ठेवून निघायचा. महिनोन्‌महिने समुद्रावर असलेल्या माणसाचा मुंबईतला पत्ता म्हणजे ती पेटी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा आणि गावच्या संताचं फेस्त मुंबईतही करायचं, हा रिवाज.

आम्ही होतो तेव्हा तेर्सची वेळ झाली. सहा-सात म्हातारे उठून वेदीपुढे उभे राहिले. सहकारी त्यांच्यात जाऊन उभे राहिले, मी पेट्यांपाशी थांबलो. आणि तिथे मला माझे बाबा आठवले.

बाबा कुडाळकडून आले आणि गिरणीत लागले. लग्नाआधीची नऊ वर्षं ते लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहिले. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पंधरा-सोळा माणसं. रात्रपाळीचे दिवसा झोपायचे, दिवसपाळीचे रात्री, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. दोरीवर कपडे, भिंतीशी ट्रंका, कोनाड्यात गावच्या रवळनाथाची तसबीर, शनिवारी भजन. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी तिथेच जमली. कुणी दगावला तर त्याच्या घरी मनीऑर्डर तिथूनच गेली. बाबा हे सांगायचे तेव्हा माझा ऊर भरून यायचा. त्याला मी एकजूट म्हणायचो. गोवेकरांच्या त्याच व्यवस्थेला मी भिंत म्हटलं होतं. बाबांच्या खोलीतही एकाच गावचे आणि एकाच जातीचे लोक होते, हे मला ठाऊक होतं. मी ते कधी उच्चारलं नव्हतं.

माझे आक्षेप आजही पुरते गेलेले नाहीत. काही गावांच्या जातवार वेगळ्या कुडी होत्या, ही गोष्ट मला आजही बोचते. बायकांना तिथे राहायला मज्जाव होता. ज्या बाईचा नवरा बोटीवर होता, तिला मुंबईत आधार लागला तर तिनं कुठे जावं, याचं उत्तर कुडीकडे नव्हतं. बाबांच्या खोलीकडेही नव्हतं. हे लिहायलाच हवं. पण दोन्हीबद्दल लिहायला हवं, आणि सारख्याच शब्दांत.

'सार्वजनिक जीवनात भर नाही' हे तर सरळ चूक होतं. कोंकणीतल्या तियात्र या नाट्यप्रकारातला पहिला प्रयोग, लुकाझिन्यो रिबेरो यांचा 'इटालियन भुरगो', 17 एप्रिल 1892 रोजी झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत, न्यू अल्फ्रेड थिएटरात. केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला त्याच्या आदल्या वर्षी. पोटासाठी आलेल्या माणसांनी याच शहरात आपलं रंगभूमीचं दालन उघडलं, आणि मी, गिरगावचा इतिहास लिहायला बसलेला माणूस, त्याच्या बाजूनं रोज चालत गेलो. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी केलेलं काम तर सगळ्या देशानं ऐकलं आहे.

स्मरणिकेतलं ते वाक्य मी मागे घेतो. पुढच्या अंकासाठी कुडी आणि गावकऱ्यांच्या खोल्या यांवर एकत्र लिहायला घेतलं आहे, पण कागद फार थोडे उरलेत. तुमच्या घरी माळ्यावर अशा एखाद्या खोलीची किंवा कुडीची वर्गणीची वही, हजेरीचं पुस्तक, फेस्ताचा वा भजनाचा फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा, आणि तो काय सांगतो ते लिहून ठेवा.