एका क्रियापदाविषयी

डोंगराशी माणसाचे नाते सांगू लागलो की मराठीत ‘सर करणे’ हे क्रियापद आपसूक ओठांवर येते. त्याला मोहिमांचा, लढायांचा वास आहे. शिखर सर होते, घाट पादाक्रांत होतो, अंतरसुद्धा कापलेच जाते. कॅलिफोर्नियातील ‘वेस्टर्न स्टेट्स’ या शंभर मैलांच्या शर्यतीत उतरलेल्या मित्राला रात्रीच्या टप्प्यात सोबत करण्यास आम्ही निघालो, तेव्हा आमच्या भाषेतही हीच शस्त्रे होती.

ही शर्यत जूनच्या अखेरीस सिएरा नेवाडा पर्वतातील ऑलिंपिक व्हॅलीत पहाटे सुरू होते आणि ऑबर्न गावी संपते. मुदत ३० तासांची. तिचे मूळ घोडेस्वारीच्या शर्यतीत आहे. १९७४ साली गॉर्डी एन्सली याने घोड्याशिवाय ती वाट २३ तास ४२ मिनिटांत पार केली. वाट अर्थातच त्याहून जुनी आहे. वॉशो आणि निसेनान या मूळ रहिवाशांच्या भूमीतून ती जाते, आणि सोन्याच्या शोधात आलेल्या खाणकामगारांनी ती वापरलेली आहे.

पहिली मोठी चढण संपताच धावपटू ‘ग्रॅनाइट चीफ’ या राखीव रानात शिरतात. हे रान १९८४ च्या कायद्याने संरक्षित झाले. धावपटूंची संख्या मर्यादित राहते ती मुख्यतः या रानामुळे. पावणेचारशेच्या आसपास जणांना प्रवेश मिळतो. हजारो इच्छुकांतून बहुतेकांची निवड सोडतीने होते. अशा रानांसंबंधीचा मूळ अमेरिकी कायदा १९६४ चा. त्याच्या व्याख्येत माणूस हा तेथे येऊन जाणारा, मुक्काम न ठोकणारा पाहुणा आहे. कायद्याच्या रूक्ष कलमात ‘पाहुणा’ ही कल्पना भेटावी, याचे आम्हांस नवल वाटले.

बासष्टाव्या मैलावरील फॉरेस्टहिल येथून, मध्यरात्रीच्या सुमारास, आम्ही दोघे सोबत निघालो. दिवसभर दऱ्यांतल्या उन्हाने मित्राच्या पोटात काही ठरत नव्हते. २०२२ च्या मॉस्किटो वणव्यात जळालेली काळी खोडे त्याने वाटेत पाहिली होती. तेवढेच तो बोलला. २००८ साली तर वणव्यांपायी शर्यतच रद्द झाली होती. पुढे केवळ दिव्याचे वर्तुळ, पायांखालची धूळ आणि खालून येणारा अमेरिकन नदीचा आवाज. धावण्याचे चालणे झाले, चालण्याचे थांबत थांबत उतरणे. अठ्ठ्याहत्तराव्या मैलावर, नदीच्या काठी पोहोचलो तेव्हा मुदत उलटून गेली होती. एका स्वयंसेविकेने हळुवारपणे त्याच्या मनगटावरची पट्टी कापली. त्याने तिचे आभार मानले आणि उजाडेपर्यंत तो पाण्याकडे पाहत बसला.

तो हरला, असे म्हणावे तर कोणाकडून? नदीने त्याला अडवले नव्हते, डोंगर त्याच्याशी झुंजला नव्हता. ‘सर करणे’ हे क्रियापद एकदा स्वीकारले की अपुऱ्या राहिलेल्या प्रत्येक वाटेला पराभव म्हणणे भाग पडते. पाहुण्याला मात्र पराभव नसतो. त्याची फक्त निघण्याची वेळ होते.

मराठीत दुसरी क्रियापदेही आहेत. वारी चालतात, नर्मदेची परिक्रमा करतात; पंढरपूर कोणी सर करीत नाही. आपली प्रवासवर्णने आणि गिर्यारोहणाची पुस्तके वर्गात वाचताना विशेषणांइतकीच क्रियापदेही तपासावीत, असे त्या रात्रीपासून आम्हांस वाटते. मित्राने पुन्हा सोडतीत नाव घातले आहे. ‘परत जायचंय’, एवढेच तो म्हणतो.